फाल्गुनात फिरलेलं आभाळ: अवकाळी, गारपीट आणि अवेळी उकाडा आधी कसा ओळखायचा

फेब्रुवारी संपत आला आणि रात्री चंद्राला खळं पडलेलं दिसलं, की कांदा पट्ट्यातले जुने शेतकरी सकाळी काढलेल्या कांद्याचे ढीग झाकायला घेतात. शहरातून आलेल्या मुलांना त्याचं हसू येतं. पण खळं पडतं ते सात-आठ किलोमीटर किंवा त्याहून उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळे, आणि असे ढग हिवाळ्याच्या शेवटी बऱ्याचदा वायव्येकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाच्या, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या, पुढे पुढे चालतात. इथे ‘बऱ्याचदा’ हा शब्द सोडायचा नाही. खळं पडूनही थेंब न पडलेल्या रात्री कुणी मोजत नाही, म्हणून आडाखा शंभर टक्के खरा वाटतो.

मी गेली काही वर्षं फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज हवामानाची वही लिहितो. सुरुवातीला एका गटावर मोठ्या आत्मविश्वासाने ‘उद्या दुपारी गारा नक्की’ असं लिहून बसलो होतो. गारा पडल्या, पण शेजारच्या तालुक्यात. आमच्याकडे लख्ख ऊन, आणि एकाने घाईघाईत अर्धवट तयार हरभरा काढून टाकलेला. पुढे जे लिहिलंय ते त्या फजितीतून शिकलेलं आहे. त्यासाठी फोन, सावलीत टांगलेला तापमापक, सरळ उभ्या भिंतीचं एक भांडं आणि वही एवढंच लागतं.

मूळ युक्ती एकच. ‘पाऊस येईल का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘पावसाला अजून काय कमी आहे?’ असं विचारा. या दिवसांतल्या गडगडाटी पावसाला तीन गोष्टी लागतात: खालच्या हवेत ओल, तापलेल्या जमिनीवर थंड हवेचं झाकण, आणि हवा वर ढकलणारं काहीतरी. गारांसाठी चौथी लागते, ती म्हणजे उंचावरचा जोरदार वारा. चारही गोष्टी वेगवेगळ्या दिशांनी येतात, म्हणून त्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

पायरी १: आधी नेहमीचं काय, ते ठरवा

विचित्र हवामान ओळखायचं तर सरळ हवामान माहीत हवं. हवामान खात्याच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि १ मार्चपासून पूर्वमोसमी हंगाम, म्हणजे उन्हाळा. सध्या सरासरी काढली जाते ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांची. आपल्या जवळच्या वेधशाळेची फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलची सरासरी कमाल-किमान तापमानं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. रोजचा आकडा त्या आकड्याशी ताडून पाहायचा, कालच्या तापमानाशी नाही.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण मला आवडते, पण ती कॅलेंडर म्हणून वापरू नका. होळी चंद्राच्या चालीने येते. २०२४ साली होलिकादहन २४ मार्चला होतं, २०२५ साली १३ मार्चला. अकराच दिवसांत आपल्याकडची पहाट किती बदलते ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२३ ची होळी तर ६ मार्चला आली आणि त्याच सुमारास राज्यात अवकाळी पाऊस झाला, लोक रंगाऐवजी पावसाने भिजले.

उष्णतेच्या लाटेचे निकषही याच पानावर लिहा, कारण बातम्यांत हा शब्द फार सैल वापरला जातो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३०, आणि त्याशिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर असायला हवं. सरासरीच्या वर ६.४ अंशांहून जास्त गेलं तर तीव्र लाट. लाट जाहीर होते ती एखाद्या हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडलं तर, आणि तीही दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असे उपविभाग चार आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आपलं गाव कोणत्या उपविभागात मोडतं हे न पाहता लोक अंदाज वाचतात आणि मग खात्याला शिव्या देतात.

पायरी २: नकाशा वरून खाली वाचा

बहुतेक जण हवामानाचं ॲप उघडतात आणि ढग-पावसाचं चित्र पाहून बंद करतात. उलटीकडून सुरुवात करा. विंडीसारख्या कुठल्याही ॲपमध्ये उंची बदलता येते. पाच ते सात दिवस आधी तीन पातळ्या पाहायच्या.

ॲपमध्ये त्या हवेच्या दाबाच्या मापात, हेक्टापास्कलमध्ये, लिहिलेल्या असतात; आकडा कमी तितकी उंची जास्त. सगळ्यात वर २०० हेक्टापास्कल, म्हणजे साधारण १२ किलोमीटर. हिवाळ्यात इथे उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याची नदी वाहते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. जानेवारीत ती उत्तरेला असते. तिला वळण पडून तिची दक्षिणेची कड नाशिक-नागपूरच्या अक्षांशापर्यंत, म्हणजे २० ते २२ अंश उत्तरेपर्यंत खाली लोंबली, की मी वहीत लाल खूण करतो.

मधली पातळी ५०० हेक्टापास्कल, पावणेसहा किलोमीटरच्या आसपास. पश्चिमी विक्षोभाचा खोलगट भाग इथे दिसतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे विक्षोभ इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे येतात आणि बहुतेक वेळा हिमालयात बर्फ पाडून निघून जातात. आपल्याला काळजी त्यातल्या खोल विक्षोभांची, ज्यांचं शेपूट राजस्थान-गुजरातच्या खाली येतं. इथलं तापमानही वाचा. महाराष्ट्रावर या दिवसांत ते उणे सात-आठच्या घरात असतं. उणे दहा किंवा त्याखाली दिसलं तर वरचं झाकण थंड झालं असं समजा. हा माझा कामचलाऊ आडाखा आहे, नियम नव्हे.

खालची पातळी ८५० हेक्टापास्कल, दीड किलोमीटर. इथे तापमान नव्हे, वाऱ्याच्या दिशा बघा. मार्च-एप्रिलच्या सरकारी पत्रकांत एक वाक्य वारंवार येतं: विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक ओलांडून दक्षिणेकडे द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा), किंवा वाऱ्यांची खंडितता. वाचताना डोळे मिटतात, पण त्या वाक्यातच बहुधा आपला पाऊस असतो. या रेषेच्या एका बाजूने अरबी समुद्रावरचं वारं येतं, दुसऱ्या बाजूने बंगालच्या उपसागरावरचं. दोघं समोरासमोर भिडले की हवेला वर जाण्याशिवाय वाट राहत नाही. हीच ती उचल. ही रेषा एखाद्या दिवशी शंभर किलोमीटर पूर्वेला सरकली तर नगरऐवजी बीडला पाऊस होतो, आणि अंदाज चुकला असं दोन्हीकडचे म्हणतात.

एक सूचना. संगणकावर अंदाज काढणाऱ्या एकाच मॉडेलवर विसंबू नका. युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल दोन्ही पाहा. मे २०२५ पासून आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटींची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आहे. मॉडेलं एकमेकांशी जुळली की खात्री थोडी वाढवा, फाटली की कमी करा. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत तुमच्या शिवारावरचा एकटा ढग नेमका कुठे उठेल, हे पाच दिवस आधी कुठलंच मॉडेल सांगत नाही.

पायरी ३: ओल मोजा, तीही टक्केवारीत नव्हे

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात कमी लोक करतात. सकाळी ८० टक्के आर्द्रता, दुपारी २५ टक्के, यावरून काहीच कळत नाही, कारण तापमान वाढलं की टक्केवारी आपोआप उतरते. हवेतलं पाणी तेवढंच असू शकतं. त्याऐवजी दवबिंदू पाहा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातून दव पडू लागेल तो आकडा. हवेत पाणी वाढलं तरच तो वाढतो.

घाटावर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत दवबिंदू पाच-दहा अंशांवर असतो, ओठ फुटतात, वाळत घातलेला पापड तासाभरात कडकतो. तो दोन-तीन दिवसांत चढत चढत १६-१७ वर गेला आणि दुपारच्या उन्हातही खाली आला नाही, तर समुद्रावरून ओल आत शिरली आहे. १८-१९ म्हणजे दारूगोळा भरलेला. कोकणात हा आडाखा लागू नाही, तिथे ओल बाराही महिने असते.

ही ओल येते कुठून? अरबी समुद्रावर किंवा बंगालच्या उपसागरावर हवेच्या उच्च दाबाचं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारं चक्र बसलं की त्याच्या कडेने बाष्प जमिनीकडे ढकललं जातं. २०१४ चं उदाहरण अजून मराठवाड्यात विसरलेले नाहीत. फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत रेंगाळली. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र तिन्हीकडे गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब झोपलं. वरचे पश्चिमी वारे नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरलेले, एकामागून एक विक्षोभ येणारे, आणि खाली दोन्ही समुद्रांकडून बाष्पाचा पुरवठा चालूच. एक विक्षोभ एकदोन दिवसांत निघून जातो. तो प्रकार दोन आठवडे चालला कारण पुरवठा तुटला नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर आभाळ उघडलं तरी दवबिंदू उतरला का ते बघा. उतरला नसेल तर संपलेलं नाही.

पायरी ४: गारांचा वेगळा हिशेब

मे महिन्यातला वळीव जास्त तापलेल्या जमिनीवर उठतो, तरी मोठी गारपीट आपल्याकडे जास्त करून फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीला होते. याचं उत्तर गोठणपातळीत आहे. हवेचं तापमान शून्य अंश होतं ती उंची फेब्रुवारीअखेर साडेचार किलोमीटरच्या आसपास असते, खोल विक्षोभ खाली उतरला की त्याहून कमी. मेमध्ये ती पाच किलोमीटरच्या पुढे जाते. गार तयार दोन्ही वेळी होते, पण मेमध्ये तिला जास्त उंचीवरून, जास्त उबदार हवेतून खाली यावं लागतं, आणि लहान गारा वाटेतच विरघळतात. मोठ्या थेंबांचा टपोरा पाऊस पडतो तो पुष्कळदा गारांचाच उरलेला भाग असतो.

ढगात जोराचा उभा झोत असेल तर शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी बर्फाच्या दाण्यावर चिकटत राहतं, दाणा झोताने वर धरून ठेवलेला असतो, आणि पेलवेनासा झाला की खाली येतो. पुढच्या वेळी मोठी गार सापडली तर सुरीने कापून बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. आता चौथी गोष्ट, जेट स्ट्रीम. खाली वारं मंद आणि वर जोराचं असलं की ढग तिरपा उभा राहतो. त्यामुळे त्याचा स्वतःचा पाऊस त्याच्याच वर जाणाऱ्या झोतावर पडत नाही, ढग स्वतःला विझवत नाही, तास दीड तास जगतो आणि गारा मोठ्या होतात.

तेव्हा गारांची शंका घ्यायची तर तपासा: खालच्या हवेत ओल आहे का, ५०० वर तापमान नेहमीपेक्षा खाली आहे का, २०० वरची नदी आपल्या डोक्यावर आहे का, गोठणपातळी चार किलोमीटरकडे झुकली आहे का. चारांपैकी तीन असतील तर मी गटावर ‘गारांची शक्यता’ लिहितो. ‘गारा पडणार’ असं आता कधीच लिहीत नाही.

पायरी ५: अवेळी उकाडा आणि मुंबई-कोकणाची गंमत

कोकणाची गोष्ट वेगळी. तिथे फेब्रुवारी-मार्चमधली तापमानाची उडी विक्षोभापेक्षा वाऱ्याच्या वेळेवर ठरते. नेहमीच्या दिवशी दुपारी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारं वारं सुरू होतं आणि पारा ३२-३३ वर अडतो. पण जमिनीवरून येणारं पूर्वेकडचं वारं जोरात असेल तर ते या खाऱ्या वाऱ्याला दुपारी एक-दोनपर्यंत किनाऱ्याबाहेर थोपवून धरतं. शिवाय सह्याद्री उतरून खाली येताना ती हवा दाबली जाऊन तापते. तेवढ्या दोन तासांत मुंबई ३८-३९ वर जाते. सांताक्रूझचा फेब्रुवारीतला विक्रम ३९.६ अंशांचा आहे, २५ फेब्रुवारी १९६६ चा. मार्चचा ४१.७ अंशांचा, २८ मार्च १९५६ चा. ‘आमच्या लहानपणी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवा. मात्र लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात हवामान खात्याला मुंबईसह कोकणासाठी फेब्रुवारीतच उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. फेब्रुवारी २०२३ हा देशाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी होता, मार्च २०२२ हा सर्वांत तापलेला मार्च. एखादा तापलेला दिवस पूर्वीही यायचा. महिनेच्या महिने तापणं हे वेगळं प्रकरण आहे.

घरच्या घरी कमाल तापमानाचा अंदाज बांधायची एक सोपी रीत सांगतो. स्वच्छ ऊन असेल तर दुपारी दीड किलोमीटरपर्यंतची हवा घुसळून निघते, आणि कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून ८५० हेक्टापास्कलवरचं दुपारचं तापमान घ्या आणि त्यात तुमच्या गावापर्यंतच्या उतरणीचे अंश मिळवा. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे साधारण १५ मिळवायचे. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, म्हणून १२. पुणे ५६० मीटरवर, म्हणून नऊ-साडेनऊ. वर २६ अंश असतील तर नागपुरात ३८ च्या आसपास. मुंबईला मात्र हा आकडा खारं वारं उशिरा आलं तरच गाठला जातो. त्यामुळे मुंबईसाठी सकाळी साडेआठला आणि साडेअकराला वारं कुठून येतंय तेवढंच पाहा. साडेअकराला अजून पूर्वेचं असेल तर दुपारी पोळणार.

याच काळात गोव्यातही असाच खेळ चालतो. मार्च २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात उष्णतेच्या इशाऱ्यामुळे तिथल्या शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या.

पायरी ६: पहाटेची थंडी

ही पायरी थोडक्यात. विक्षोभ जवळ येताना दक्षिणेचं वारं आणि ढग येतात, रात्री जमिनीची उष्णता ढगांखाली अडकते आणि किमान तापमान चढतं. तो निघून गेला, आभाळ निवळलं, उत्तरेचं कोरडं वारं सुरू झालं, की दोन-तीन दिवस पहाटे पुन्हा स्वेटर. निफाडसारख्या सखल, मोकळ्या भागात तर उतार जास्त, कारण थंड हवा पाण्यासारखी खोलगटात साचते. पावसानंतर लगेच आभाळ उघडलं आणि वारा पडला तर पहाटे धुकं किंवा दाट दव येणार, आणि द्राक्षाच्या बागेत डाऊनीची, आंब्याच्या मोहोरावर करप्या-भुरीची, म्हणजे बुरशीच्या रोगांची, चिंता सुरू. गारपीट झाली नाही म्हणून सुटलो, असं बागायतदार म्हणत नाहीत ते याचमुळे.

पायरी ७: खात्याची भाषा समजून घ्या

‘तुरळक ठिकाणी’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त गैरसमज करतात. त्याचा अर्थ उपविभागातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, त्यापुढे ५१ ते ७५, आणि सगळ्यात वरची पायरी ७६ टक्क्यांच्या वर. म्हणजे तुरळकचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी चारांपैकी तीन गावं कोरडी राहणार. त्या तीन गावांतला प्रत्येक जण म्हणेल, खातं चुकलं.

रंगांचं सांगायचं तर हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग फक्त पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही, नुकसानीच्या शक्यतेवर ठरतो. म्हणून मार्चमध्ये पाऊस जेमतेम असला तरी वीज, वारा, गारा यांच्यासाठी नारिंगी इशारा येऊ शकतो.

पायरी ८: प्रत्यक्ष दिवस

सकाळी सात-आठला आभाळ बघा. मधल्या उंचीवर किल्ल्याच्या तटाच्या कंगोऱ्यांसारखे छोटे ढग उभे दिसले तर वरची हवा सकाळपासूनच अस्वस्थ आहे, दुपारी गडगडण्याची शक्यता वाढते. पूर्ण झाकोळलेली सकाळ मात्र पुष्कळदा फसवते: जमीन तापतच नाही आणि पाऊस हुकतो. मळभ अकरा-बाराला फाटून कडक ऊन पडलं, तेव्हाच खरं सावध व्हायचं.

फोनमध्ये दाबमापक असेल तर एक इशारा. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टापास्कलने उतरतो. ही रोजची भरती-ओहोटी आहे, वादळ नव्हे. कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी तुलना करा.

दुपारी दोननंतर उपग्रह आणि रडार. इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाने आणि रडारची त्याहून लवकर बदलतात. रडार पाहायची ती मुंबई, गोवा, नागपूर, सोलापूर, शिवाय कडेच्या भागांसाठी हैदराबाद, भोपाळ. रडारवर पन्नासच्या वर डीबीझेड (ढगातून परत येणाऱ्या रडार लहरींच्या जोराचं माप) दाखवणारा लाल-जांभळा ठिपका म्हणजे मुसळधार सर किंवा गारा. पन्नाशीच्या मध्याच्या पुढे मी गारा धरून चालतो. वीस मिनिटांच्या अंतराने दोन चित्रं घ्या, ठिपका किती सरकला ते मोजा, बाकी गणित पाचवीचं. ताशी ३० किलोमीटरने येणारा ढग १५ किलोमीटरवर असेल तर हातात अर्धा तास. विक्षोभाच्या दिवसांत हे ढग बहुधा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून पूर्वेकडे जातात, त्यामुळे पूर्वेला दिसणारा काळाकुट्ट ढग आपल्यावर येणारच असं नाही. पश्चिमेचा छोटा पाहा.

खात्याचा तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप या वेळी उघडं ठेवा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. सेकंद तीसच्या आत आले तर शेतातून निघायचं, आणि झाडाखाली नाही. अचानक थंडगार वाऱ्याचा झोत आला, धूळ उठली, तर ढग कोसळायला लागलाय. पत्र्याच्या शेडखाली किंवा जुन्या झाडाजवळ थांबू नका. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात मंदिराच्या शेडवर झाड कोसळून माणसं गेली. तिथे आसऱ्यालाच गर्दी जमली होती.

पायरी ९: लोकांना सांगायचं कसं

अंदाज बरोबर असूनही सांगण्यात फसतो. मी आता असा निरोप लिहितो:

“शनिवार दुपारी ३ ते रात्री ९: तालुक्यात गडगडाटी पावसाची शक्यता १० पैकी ६. प्रत्येक गावाला पाऊस होईल असं नाही. गारांची शक्यता १० पैकी २, पूर्वेकडच्या मंडळांत थोडी जास्त. काढलेला कांदा, हळद झाकून ठेवा. न पिकलेलं पीक या निरोपावरून काढू नका. फवारणी शनिवारी नको. पुढचा निरोप शनिवारी सकाळी ९ वाजता.”

वेळ, जागा, शक्यता, काय करायचं, काय करायचं नाही, आणि पुढचा निरोप कधी. शेवटचं विसरू नका. लोक जुना निरोप चार दिवस फिरवत राहतात, म्हणून तारीखही घाला.

घडून गेल्यावर कारण सांगतानाही जपून. एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. रस्त्यावर गुडघाभर पाणी म्हणजे ढगफुटी नाही. गारांनी पांढऱ्या झालेल्या शेताचा फोटो ‘आपलं काश्मीर’ म्हणून फिरवू नका, त्या शेताच्या मालकाला काय वाटत असेल. आणि सगळ्याला एकच लेबल लावू नका. ‘ला निना आहे (प्रशांत महासागराचा विषुववृत्तावरचा भाग नेहमीपेक्षा थंड आहे), यंदा थंडी लांबणार’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी २०२२ चा मार्च आठवावा. ला निना चालू होती आणि देशाने विक्रमी तापलेला मार्च पाहिला. हवामानबदलाचंही तसंच. तापमानाच्या महिनाभराच्या सरासरीबद्दल बोलताना तो मुद्दा भक्कम आहे. कालच्या एका गारपिटीबद्दल बोलताना आधी विक्षोभ, ओल आणि द्रोणीय रेषा सांगा.

पायरी १०: वही

रोज सकाळी साडेआठला, वेधशाळांच्या वेळेलाच, नोंद करा: मागच्या २४ तासांतलं कमाल, किमान, दवबिंदू, वारं, पाऊस. तापमापक उन्हात किंवा सिमेंटच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, सव्वा ते दीड मीटर उंचीवर, वारं खेळेल अशा सावलीत. सरळ भिंतीच्या डब्यात साचलेलं पाणी पट्टीने मोजलं की मिलिमीटर मिळतात. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. शेजारच्या महसूल मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी ताडून बघा.

उजव्या पानावर आदल्या दिवशी काय म्हटलं होतं ते, शक्यतेच्या आकड्यासकट. हंगाम संपल्यावर ‘१० पैकी ६’ म्हटलेले सगळे दिवस एकत्र काढा. त्यातल्या सहा-सात दशांश दिवशी तालुक्यात कुठेतरी गडगडलं असेल तर तुमचा आकडा नीट बसला आहे. माझ्या पहिल्या वर्षी तो निम्म्याच्याही खाली होता. मी प्रत्येक ढगाला भीत होतो. दुसऱ्या वर्षी घाबरून आकडे इतके खाली घेतले, की ‘१० पैकी २’ म्हटलेल्या दोन दिवशी गारा पडल्या. दोन्ही वर्षांची पानं तशीच ठेवली आहेत, आणि फेब्रुवारी उजाडला की आधी ती वाचून मग नवं पान उघडतो.